रुग्ण कर्नाटकाचा, दवाखाना महाराष्ट्राचा: बिलाला नियम कोणाचा?

निपाणीकर:
कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रातले कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आहे आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे आमच्याकडचा गंभीर रुग्ण कोल्हापूरला, अथणी-कागवाडचा मिरजेला जातो आणि चंदगडचा माणूस उलट बेळगाव गाठतो. मात्र रुग्णाने हद्द ओलांडली की त्याची योजना अलीकडेच राहते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, तर एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या, म्हणजे उपचारासाठी योजनेने ठरवलेल्या रकमेच्या, ३० टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. पलीकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून सर्वच कुटुंबांना ५ लाखांपर्यंत लागू आहे.

माझ्या मेहुण्यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा कोल्हापूरकडील एका खासगी रुग्णालयातील आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनीसाने, आमचे रेशनकार्ड पाहिले आणि "हे कर्नाटकाचे आहे, रोख भरावे लागेल," असे सांगून परत केले. डिस्चार्जच्या दिवशी हाती पडलेल्या बिलात 'इतर साहित्य' अशी एकच ओळ होती आणि तिच्यासमोरची रक्कम खोलीभाड्यापेक्षा मोठी होती. त्यात काय काय धरले आहे, हे काउंटरवर कोणालाही सांगता आले नाही. दोन्ही सरकारांनी करार करून सीमेलगतच्या तालुक्यांतील रुग्णांना पलीकडच्या रुग्णालयातही आपापल्या योजनेचा लाभ द्यावा, आणि दर व बिलाचा नमुना दोन्हीकडे एकच ठेवावा, अशी मागणी आपण सरकारला द्यायच्या निवेदनात असावी, असे माझे ठाम मत आहे.

गडहिंग्लजचा डॉक्टर:
तपशील आपल्याला मिळायलाच हवा होता, त्याविषयी वाद नाही. दर एक करण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा दोन्ही राज्यांनी स्वीकारलेला नाही; कर्नाटकात २००७ चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा चालतो, महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. नोव्हेंबर २०१७ मध्ये कर्नाटक सरकार सर्वच खासगी दवाखान्यांचे दर ठरवू पाहत होते, तेव्हा ऐन अधिवेशनात डॉक्टर बेळगावात जमले, राज्यभर दवाखाने बंद राहिले, आणि अखेर दरनिश्चिती सरकारी योजनांपुरतीच ठेवावी लागली. त्या बंदमध्ये हाल रुग्णांचेच झाले.

वीस खाटांच्या दवाखान्याला भूलतज्ज्ञाची फी त्याच दिवशी आणि परिचारिकांचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो, योजनेचे पैसे मात्र उशिरा येतात. त्यात दुसऱ्या राज्याची मंजुरी, दुसरे पोर्टल आणि कन्नड कागदपत्रे यांची भर पडली, तर लहान दवाखाने योजनेतूनच बाहेर पडतील.

खानापूरची रहिवासी:
डॉक्टरसाहेब, तपशीलवार बिलाने कोणताही दवाखाना बंद पडत नाही. कर्नाटकात २०१७ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद कायद्यात आली, महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या नियमांनी ती आणली आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. बिल थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हेही दोन्हीकडे लिहिलेले आहे. आमच्याकडे कर्नाटकात तक्रारीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे, पण ते आहे हेच बहुतेकांना माहीत नसते. तेव्हा नव्या कराराच्या मागे लागण्याआधी, आहे तो नियम पाळून घ्यावा.

निपाणीकर, आपल्या पहिल्या मागणीचे, म्हणजे हद्दीपलीकडे योजना देण्याचे, काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातील सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना देण्याचे जाहीर केले, त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली आणि उपचाराचा प्रश्न सीमावादाचा झाला. मला हे मान्य नाही. मी मराठी आहे आणि कर कर्नाटकात भरते. माझ्या उपचाराची जबाबदारी कर्नाटकाने घ्यावी. तातडीचा प्रसंग वगळता येथे योजनेच्या लाभासाठी आधी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते, म्हणून तालुका रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर मिळणे हीच आपली पहिली मागणी असली पाहिजे.

निपाणीकर:
ताई, तालुक्याला तज्ज्ञ यावेत हे मलाही हवे आहे, पण झटका आलेल्या माणसाला तोवर थांबता येत नाही. आणि मी महाराष्ट्राची योजना मागतच नाही. माझ्या कर्नाटकानेच कोल्हापूरच्या रुग्णालयाला पैसे द्यावेत, असे म्हणतो आहे. यात सीमावाद कोठे येतो? डॉक्टरांच्या म्हणण्यावरून समान दराची मागणी मी मागे घेतो. निवेदनात दोनच गोष्टी ठेवू: तातडीच्या रुग्णाला पलीकडे योजनेचा लाभ, आणि 'इतर साहित्य' या ओळीची पूर्ण फोड.

गडहिंग्लजचा डॉक्टर:
फोड देण्यास माझी हरकत नाही. पहिल्या मागणीत मात्र कर्नाटक सरकार रुग्णालयाला किती दिवसांत पैसे देणार आणि उशीर झाल्यास व्याज कोण भरणार, हे लिहिल्याशिवाय मी निवेदनावर सही करणार नाही.