घरी ड्राय प्रॅक्टिस (छर्रा न घालता सराव) कशी करता? (१० मीटर एअर पिस्टल)

रश्मी_डोंबिवली
नमस्कार मंडळी, आठ महिने झाले एअर पिस्टल करतेय. नोकरीमुळे रेंज फक्त शनिवार-रविवार, डोंबिवलीहून लोकल, दादरला उतरून वरळी, अर्धा दिवस प्रवासातच जातो. सर म्हणतात आठवडाभर घरी ड्राय कर, नाहीतर दर शनिवारी पुन्हा पहिल्यापासून. पण घर वन बीएचके, हॉल जेमतेम ३ मीटर आणि खिडकीसमोर लगेच दुसऱ्या बिल्डिंगची गॅलरी. घरात भावाची जुनी स्प्रिंगवाली पिस्टल आहे, ती कॉक करून रिकामी चालवली तर चालेल का? आणि नुसत्या क्लिकने खरंच फरक पडतो का?

कांदिवली_१०मी
रश्मीताई, स्प्रिंगवाली रिकामी अजिबात चालवू नका. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे धावतो, छर्रा नळीत अडलेला असतो म्हणून मधल्या हवेची गादी तयार होते आणि पिस्टनला ब्रेक लागतो. छर्राच नसेल तर पिस्टन धाडकन आपटतो, मग सील जातं, स्प्रिंग जाते. मॅचच्या पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) पिस्टलला ड्रायची वेगळी सोय असते, ट्रिगर खऱ्यासारखी क्लिक होते पण हवा सुटत नाही. तुमच्या क्लबच्या मॉडेलला ती कुठे आहे ते सरांकडूनच बघून घ्या.

वसईचे_काका
क्लिकचं नंतर बघू, आधी हे वाच पोरी. माझी पीसीपी होती, सकाळी रेंजवरून आणली त्यात एक छर्रा राहिलेला. ड्रायचा खटका लावलाय असं समजून उचलली, नळी बघितली नाही. कपाटाच्या पत्र्याला पोचा आला, तो अजून आहे. दहा मिनिटांपूर्वी माझी मुलगी तिथंच उभी राहून दप्तर भरत होती. तेव्हापासून छर्र्यांची डबी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, पिस्टल उघडून डोळ्यांनी बघायचं आणि तोंडाने "रिकामी" म्हणायचं. मध्ये बेल वाजली, फोन आला, की परत पहिल्यापासून तपासायचं. नेम कायम पक्क्या भिंतीवर, दारावर किंवा खिडकीकडे नाही, आणि पडदे ओढलेले, समोरच्या गॅलरीतल्या माणसाला ती खेळाची पिस्टल आहे हे कसं कळणार? संपलं की लगेच पेटीत, "आता शेवटचा एक" हा प्रकारच नको.

नेहा_ठाणे
काकांना +१. फरक पडतो का विचारलंस, तर खूप पडतो गं. खऱ्या शॉटला झटक्यात चूक लपते, ड्रायमध्ये फ्रंट साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) क्लिकच्या क्षणी कुठे सरकली ते स्पष्ट दिसतं. माझी दर वेळी डावीकडे खाली जायची, बोट ट्रिगर सरळ मागे न आणता बाजूने ढकलत होतं, हे मला घरच्या पांढऱ्या भिंतीवरच कळलं. म्हणून आधी कोऱ्या भिंतीवर कर, टार्गेट नाही, फक्त साईट. क्लिकनंतरही दोन सेकंद हात तसाच. ८-१० सेकंदांत शॉट नाही सुटला तर हात खाली, ओढून ताणून सोडायचा नाही.
मग कागद. खऱ्या टार्गेटचा काळा गोल ५९.५ मिमी, ३ मीटरवर तो साधारण १८ मिमीचा काढायचा. उंची मात्र रेंजवरच्या टार्गेटसारखी १४० सेंमी ठेवू नकोस, इथे सगळे चुकतात. डोळे १५० वर असतील तर १० मीटरवर नजर १० सेंमी खाली उतरते, ३ मीटरवर फक्त ३, म्हणजे गोल १४७ वर. नाहीतर आठवडाभर चुकीच्या कोनात हात बसतो. २० मिनिटं पुरे, थकल्यावर केलेलं होल्डिंग उलट बिघडवतं.

रश्मी_डोंबिवली
खूप आभार सगळ्यांचे, स्प्रिंगवाली आजच भावाला परत. मोजलं, माझे डोळे १४६ ला, म्हणजे गोल साधारण १४४ वर ना? क्लबची पिस्टल घरी देतील की नाही ते शनिवारी विचारते, तोवर काय करू?

नेहा_ठाणे
हो, १४४ बरोबर. तोवर १ लिटरची पाण्याची बाटली भरून धर, वजन साधारण पिस्टलएवढंच होतं, मनगट घट्ट, खांदा खाली, डोळे मिटून हात उचल आणि उघडल्यावर हात गोलाच्या डावी-उजवीकडे असेल तर हात नाही, पाय हलव.