मोठ्या फिश टँकच्या चिलरसाठी वायरिंग : स्वतंत्र लाईन घ्यावी का?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. आमच्या घराच्या तळमजल्यावरील दिवाणखान्यात सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी बसवण्याचे ठरले आहे. काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे साडेआठशे लिटर पाणी मावेल. प्रवाळ ठेवायचे असल्याने पाणी 25 ते 26 अंशांवर राखावे लागेल, आणि मे महिन्यात पारा 40 च्या पुढे जाणाऱ्या आपल्या सोलापुरात ते चिलरशिवाय, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय, शक्य नाही. घ्यावयाच्या चिलरच्या पाटीवर 230 व्होल्ट आणि 5 अँपिअर असे लिहिलेले आहे. मुख्य डीबीपासून (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीपासून) टाकीपर्यंत वायरची लांबी सुमारे 20 मीटर भरते. वायरमनचे म्हणणे असे, की दिवाणखान्यातील एसीच्या पॉइंटवरूनच जोड घ्यावा, म्हणजे भिंत फोडावी लागणार नाही. हे योग्य आहे का? नसल्यास किती जाडीची वायर ओढावी, आणि चिलर घरच्या इन्व्हर्टरवर घेता येईल का?

उत्तर 1 (होटगी रोड)

एसीच्या पॉइंटवरून जोड कृपया घेऊ नका. एसी आणि चिलर ही दोन्ही यंत्रे उन्हाळ्यात, दुपारच्या एकाच वेळी पूर्ण भाराने चालणार आहेत, आणि दोन्हींचे कॉम्प्रेसर कधीतरी एकत्र सुरू होणारच. डीबीतून स्वतंत्र फेज, न्यूट्रल आणि अर्थ ओढा, त्यावर 16 अँपिअरचा सी प्रकारचा (सुरू होतानाचा क्षणिक झटका सहन करणारा) एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच, बसवा आणि टोकाला 16 अँपिअरचा पॉवर सॉकेट द्या.

जाडीचा हिशेब सोपा आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध जाऊन-येऊन 40 मीटरला सुमारे 0.3 ओहम येतो. चालू असताना 5 अँपिअरला दीड व्होल्ट कमी होईल, ते नगण्य आहे. सुरू होताना कॉम्प्रेसर साधारण पाचपट प्रवाह ओढतो असे धरले, तरी घट साडेसात व्होल्टच्या आसपास राहते. म्हणजे अडीचची वायर चालते. तरीही मी चार चौरस मिलिमीटर सुचवेन, कारण आपल्याकडच्या पश्चिमेच्या भिंती उन्हाळ्यात रात्रीपर्यंत तापलेल्या असतात, आणि त्या भिंतीतल्या पाइपात आणखी दोन-तीन सर्किट असतील तर वायरची क्षमता बरीच घटते. फरक काही शे रुपयांचा आहे. भिंत पुन्हा फोडण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा.

वीज जाऊन लगेच परत आली की कॉम्प्रेसरमधील वायूचा दाब समान झालेला नसतो आणि मोटर अडकते. म्हणून तीन मिनिटांचा टाइम डिले आणि व्होल्टेज फार कमी झाल्यास बंद करण्याची सोय असलेला स्टॅबिलायझर लावा.

उत्तर 2 (विजापूर रोड)

वरील सल्ला बरोबर आहे, परंतु त्यात आरसीसीबीचा, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचचा, उल्लेख राहिला, आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीपाशी जिवाचा प्रश्न तोच आहे. आपल्या भागात काळ्या मातीचा थर संपला की मुरूम आणि खडक लागतो. मे महिन्यात तो कोरडा पडून अर्थिंगचा रोध वाढतो. समजा तो 50 ओहम झाला, घराची भिस्त केवळ स्वतःच्या अर्थिंगच्या खड्ड्यावर आहे, आणि चिलरच्या पत्र्याला फेज लागला. तेव्हा जमिनीत जेमतेम 4.6 अँपिअर जातील. 16 अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचा भार वाटेल, तो कधीच पडणार नाही, आणि ओल्या हाताने टाकी पुसणारा माणूस जिवंत पत्र्याला हात लावेल. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी क्षणार्धात वीज तोडतो. अर्थिंगचा रोध परवानाधारक ठेकेदाराकडून ऐन उन्हाळ्यात मोजून घ्या, पावसाळ्यातील आकड्यावर विसंबू नका, आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दरमहा दाबून पाहा.

उत्तर 3 (अक्कलकोट रोड)

मी वीज क्षेत्रातील नाही, अनेक वर्षांपासून मासे पाळतो, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. आरसीसीबी अवश्य लावा, परंतु चिलर आणि टाकीतले पाणी फिरवणारा पंप एकाच आरसीसीबीवर ठेवू नका. चिलरमध्ये ओल शिरून विजेची गळती झाली आणि त्याच्यासोबत पंपही बंद पडला, तर आपण गावाला गेलेले असताना पाण्यातील प्राणवायू काही तासांत संपतो. गार पाण्यावाचून मासे काही काळ तग धरतात, हलत्या पाण्यावाचून धरत नाहीत. मात्र याची दुसरी बाजूही पाहा : पंप बंद पडून चिलर चालूच राहिला तर आतले पाणी गोठून नळी फुटू शकते. आपल्या चिलरमध्ये प्रवाह थांबताच बंद होण्याची सोय आहे का, हे खरेदीपूर्वी विचारा.

चिलर टाकीखालच्या बंद कपाटात ठेवू नका. पाण्यातून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता तो त्याच खोलीत सोडतो, मग एसीला ती पुन्हा बाहेर काढावी लागते. मागच्या बोळात सावलीला, पावसापासून सुरक्षित अशी जागा उत्तम. प्लगकडे जाणारी वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एसीवरून जोड घेण्याचा विचार सोडला आहे, आणि चिलर मागच्या बोळात ठेवू. मग इन्व्हर्टरवर फक्त पंप घेतला तर चालेल ना?

उत्तर 1 (होटगी रोड)

हो, फक्त पंप आणि हवेचा पंप घ्या. चिलर सुरू होतानाचा झटका घरगुती इन्व्हर्टरला पेलत नाही आणि बॅटरीही लवकर उतरते. एक गोष्ट वायरमनला आधीच बजावून सांगा. अनेक घरांत इन्व्हर्टरची फक्त फेज वेगळी ओढलेली असते आणि न्यूट्रल जवळच्या कुठल्याही सर्किटचा घेतलेला असतो. पंपाची फेज एका आरसीसीबीतून गेली आणि न्यूट्रल दुसऱ्यातून परतला, तर गळती नसतानाही आरसीसीबी पडत राहील. अशा वेळी वायरमन कंटाळून तो काढून टाकतो आणि सगळे संरक्षण जाते. पंपासाठी आरसीसीबी इन्व्हर्टरच्या पुढे, म्हणजे पंपाच्या बाजूला बसवा, आणि त्याचा न्यूट्रल तिथून पंपापर्यंत स्वतंत्र न्या.