वाद्य घेऊन परदेशी विमानाने: आपापले अनुभव लिहा

तानपुरा, तबला, पेटी, व्हायोलिन, ढोल, काहीही चालेल. वाद्य घेऊन देशाबाहेर विमानाने गेला असाल तर इथे लिहा. विमान कंपनीची नियमावली सगळ्यांनाच वाचता येते. काउंटरवरचा माणूस ती कशी वाचतो हे मात्र गेल्याशिवाय कळत नाही. वाद्य कशात बांधलं, कुठे अडवलं, काय विचारलं, असं नेमकं येऊ द्या. "काळजी घ्या" एवढंच सांगायचं असेल तर ते आमच्या सासूबाई निघताना सांगतातच.

सुरुवात माझ्यापासून. मी गाते आणि मिरजेचा तानपुरा नेते. चेक-इनच्या डागाला लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमीची मर्यादा बहुतेक ठिकाणी असते. तानपुऱ्याची केस ती सहज ओलांडते, म्हणजे जादा आकाराचे पैसे आलेच. आधी फोन करून तिकिटावर तशी नोंद करून घेतली की निम्मी हुज्जत वाचते.

सगळ्यांना धास्ती भोपळ्याची. पण मी पाहिलेली मोडतोड बहुतेक वेळा गळ्याशी, म्हणजे दांडी भोपळ्याला जोडलेली असते तिथे, नाहीतर खुंट्यांची. केस उभी आपटली की सगळा भार गळ्यावर येतो. म्हणून दांडीखालची पोकळी मी साड्यांनी तळापर्यंत भरते, काही अधांतरी ठेवत नाही. तारा उतरवते, पण घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती) जागची हलणार नाही इतपत ताण ठेवूनच. तारा आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) यांच्यामध्ये जुन्या पंचाची घडी, नाहीतर तारांतले मणी तबलीवर ओरखडे काढतात. प्रत्येक खुंटीला मोजा; जोडी हरवलेले मोजे इथे कामी येतात. आणि उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळू नका. असे मोठे डाग वेगळ्या दारातून येतात. तिथे कुणी नसलं तर भिंतीला टेकवून निघून जातात.

तबला, बे एरिया

मी बहुतेकांच्या उलटं करतो. शिसवी तबला कपड्यांत गुंडाळून चेक-इनला, डग्गा हातात. लाकूड घट्ट असतं, त्याला फारसं काही होत नाही. पितळी डग्ग्याला पोचा पडला की आवाज गेलाच म्हणून समजा. गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) वर घेऊन पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, सैल करायची.

पुडीवरच्या काळ्या शाईत लोखंडाचा कीस असतो, त्यामुळे एक्स-रेमध्ये ती गडद चकती दिसते आणि बॅग बाजूला निघते. "वाजवून दाखवा" वगैरे मला कधी कुणी म्हणालं नाही. कापडाची पट्टी सगळीकडून फिरवतात, यंत्रात घालतात आणि जा म्हणतात. हातोडी मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नका, हत्यार म्हणून काढून घेतात. हाताला लावायच्या पावडरचंही बघा. अमेरिकेत ३५० मिलीहून मोठा डबा हातात असला तर वेगळी तपासणी होते. छोटा डबा घ्या.

(धागा काढणारी)

तबलजींनो, विमानात हवेच्या दाबाने पुडी फुटते असं ऐकलंय, ते खरं आहे का?

विमानांच्या देखभालीत नोकरी झाली, आता पुण्यात

नाही. सामानाचा कप्पाही केबिनसारखाच दाबाखाली असतो. पुडी बिघडते ती हवेच्या कोरडेपणाने. शिकागोत हिवाळ्यात घरोघरी हीटर लागतो, कातडं आवळतं, शाईला भेगा जातात, आणि दोष मात्र विमानाला. पोचल्यावर वाद्य एक दिवस केसमध्येच राहू द्या, मग सुरात आणा.

तबला शिकवते, मेलबर्न

ऑस्ट्रेलियात लोखंडापेक्षा कातड्याची चौकशी जास्त. पुडी आणि ती ताणणारी वादी, दोन्ही जनावराचं कातडं. विमानात जे कार्ड भरायला देतात त्यावर "हो" लिहायचं आणि लाल रांगेत उभं राहायचं. अधिकारी पुडीच्या कडेला केस राहिलेत का, लाकडाला किडीची भोकं आहेत का, ते बॅटरी मारून बघतो. माझे तबले आजवर सुटलेत. न सांगता नेलं आणि सापडलं तर मात्र नसती आफत. शेजारी न्यूझीलंडमध्ये तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. घरून तबला पुसून, कडेची धूळ ब्रशने झाडून नेलं तर तपासणी लवकर उरकते.

घुमट, मडगाव

आमचं दुखणं वेगळं. घुमट म्हणजे मडक्यासारखं मातीचं तालवाद्य, तेव्हा फुटायची भीती आलीच, पण खरी अडचण तोंडावरच्या कातड्याची. जुन्या घुमटांना घोरपडीचं कातडं असतं. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित, साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टातही आहे. आजोबांचं असो नाहीतर देवळातलं, ते विमानात चढवायचं नाही. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. तो कागद दाखवून कस्टम्सवाला सोडेल अशा भ्रमात राहू नका. लिस्बनला जाताना आम्ही बकऱ्याचं कातडं चढवलेली नवी घुमटं नेली. आवाजात फरक पडतो, जुनी मंडळी नाक मुरडतात. मुरडू देत.

तानपुरा, हॅरो (लंडन)

घुमटवाल्यांना +१. जुन्या सतारी-तानपुऱ्यांची घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असू शकते. नेण्याआधी जाणत्या कारागिराला दाखवा आणि हाडाची किंवा लाकडाची बसवून घ्या.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. आमच्या घरचा तानपुरा पणजोबांचा की आजोबांचा यावर दोन काकांत एकमत होईना. शेवटी पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञ समितीकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घेतला. हेलपाटे झाले, पण विमानतळावर तो कागद पुढे केल्यावर पुढचा प्रश्नच आला नाही.

शिसवाबद्दलही सांगते. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती साइट्सच्या यादीत गेल्या, तेव्हा वाद्यवाल्यांची झोप उडाली होती. २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे. जुने लेख वाचून घाबरू नका.

व्हायोलिन, शिकागो

अमेरिकन कंपनीच्या विमानात व्हायोलिन हातात नेणं हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. २०१५ पासून लागू असलेल्या सरकारी नियमाप्रमाणे, तुम्ही चढता तेव्हा वरच्या कप्प्यात जागा असेल तर लहान वाद्य ठेवू द्यावंच लागतं. "चढता तेव्हा" हे महत्त्वाचं. त्यामुळे आधी चढायचे पैसे भरावेत. नियमाची छापील प्रत केसच्या खिशात असते. आवाज न चढवता ती पुढे केली की बहुतेक वेळा काम होतं. पण तिकीट अमेरिकन कंपनीचं आणि प्रत्यक्ष विमान दुसऱ्याच देशाच्या कंपनीचं असेल तर हा नियम चालत नाही. तिकिटावर बारीक अक्षरात "ऑपरेटेड बाय" लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. एका युरोपीय कंपनीच्या दारात माझं व्हायोलिन खाली पाठवायला लावलं होतं. केसमध्ये कपडे कोंबलेले होते म्हणून निभावलं.

मोडतोड झालीच तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवा. माँट्रियल कराराप्रमाणे लेखी तक्रारीला सात दिवस असतात. भरपाईची कमाल मर्यादा आता १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. वाद्य त्याहून महाग असेल तर वेगळा विमा काढा.

ढोलपथक, दुबई

आमची गणपतीची तयारी म्हणजे हमाली. ढोलाची दोरी सोडून पानं (दोन्ही तोंडांवरचे पडदे) काढायची, ढोलाच्या पिंपात ताशा, ताशात झांजा, फटीत कपडे. वजन ३२ किलोच्या वर गेलं तर तो डाग घेतच नाहीत, मग काउंटरपुढेच ढोल उघडून लेझीम दुसऱ्याच्या बॅगेत. पानं फायबरची, त्यामुळे कातड्याचा प्रश्न नाही. ढोल वाजवायचं टिपरू हातात न्यायला देत नाहीत.

पेटी, न्यू जर्सी

सगळ्यांना विचारतो, नेताच कशाला? इथे चांगली पेटी भाड्याने मिळते. तानपुरा फोनमध्ये आहे.

(धागा काढणारी)

पेटीवाले, तुमची पेटी भाड्याने मिळते, माझ्या पट्टीचा, माझ्या जवारीचा (तारेच्या गुंजणाऱ्या नादाचा) तानपुरा कुठे मिळतो तेही सांगा. फोनवर मैफल गायची वेळ आली तर तुमची साथ घेईन! बाकी इलेक्ट्रॉनिक तानपुरा नेणाऱ्यांनी एक बघावं: सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनला टाकायच्या नाहीत, हातातच घ्यायच्या.

पखवाज, आळंदी

दिंडीतल्या मंडळींबरोबर पहिल्यांदाच बाहेर चाललोय, टोरंटोला. पखवाज चेक-इनला देणार. डाव्या पुडीला लावायची कणीक इथून न्यावी का?

(धागा काढणारी)

माउली, कणीक मुळीच नेऊ नका, तिथे कुठल्याही देशी दुकानात आटा मिळतो. निघायच्या आदल्या दिवशी पुडीवरची जुनी कणीक खरवडून ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर सुकू द्या. ओलसर राहिली तर केसमध्ये बुरशी धरेल. आणि कातडं आहे हे कॅनडातही आपणहून सांगा.