तीन टाके पडले तरी 'किरकोळ'? ओशा ३०० च्या नोंदींबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मुळात एचआरची, सेफ्टीतलं फारसं कळत नाही हे आधीच सांगते. आमचे सेफ्टी ऑफिसर दोन महिन्यांपूर्वी सोडून गेले आणि नवा माणूस मिळेपर्यंत त्यांची सगळी रजिस्टरं माझ्या टेबलावर येऊन पडलीत. पॅरेंट कंपनी अमेरिकेतली, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावरून ओशाचे (तिथली कामगार-सुरक्षेची सरकारी यंत्रणा) ३०० (दुखापती-आजारांची नोंदयादी), ३००ए (वर्षाचा गोषवारा) आणि ३०१ (एकेका केसचा तपशील) हे फॉर्म ठेवावेच लागतात. पुढच्या महिन्यात त्यांचं ऑडिट आहे आणि जुनी पानं चाळायला घेतल्यापासून माझी झोप उडालीय.

फर्स्ट एडच्या वहीत एक नोंद आहे, "ग्राइंडिंग, डावे बोट, किरकोळ, ड्रेसिंग केले." पानावर तेलाचा अंगठा उमटलाय. त्याच तारखेचं दवाखान्याचं बिल फाइलला लावलंय, त्यात तीन टाके आणि टीटीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन! सुपरवायझरना विचारलं तर म्हणे मॅडम, पोरगा दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला हजर होता, एक दिवस खाडा नाही, मग कशाला वर चढवायचं, आपला 'इतके दिवस अपघात नाही'चा बोर्ड शून्यावर येईल ना. त्या बोर्डावर अख्ख्या शॉपला बक्षीस असतं, त्यामुळे कोणी तोंड का उघडत नाही ते आता कळतंय.

दुसरी केस स्टोअरमधल्या काकांची. शुक्रवारी गोण्या उचलताना कंबरेत उसण भरली, शनिवार-रविवार प्लांट बंद, सोमवारी आले नाहीत, मंगळवारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन हजर, त्यात आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे सोमवारपर्यंत पूर्ण आराम आणि पुढे दहा दिवस वजन उचलायचं नाही. आधीच्या साहेबांनी एकच दिवस धरलाय. शनिवार-रविवार मोजायचे का? आणि ते दहा दिवस काका गेटवर बसून चलनं तपासत होते, ते कुठल्या रकान्यात?

तिसरं, प्रेस शॉपमधल्या एकाच्या ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) डाव्या कानात फरक आलाय. हा काही एका दिवसात झालेला अपघात नाही, मग लिहायचं कुठे?

आणि जुन्या नोंदी आता दुरुस्त केल्या तर खाडाखोड म्हणून अंगाशी येईल का?

प्रतिसाद १

ताई, टाके पडले की ती मेडिकल ट्रीटमेंट, खाडा झाला का नाही याचा संबंधच नाही. नुसतं टीटी किंवा वर चिकटवायची पट्टी असती तर फर्स्ट एड धरलं असतं. टाक्यांची केस ३०० मध्ये 'J' (खाडा किंवा कामावर बंधन नसलेल्या इतर केसेस) या रकान्यात जाईल.

काकांचे दिवस कॅलेंडरने मोजा, प्लांट बंद असला तरी. अपघाताचा दिवस सोडायचा, म्हणजे शनि, रवि, सोम असे तीन 'K' मध्ये (खाड्याचे दिवस) आणि वजन न उचलायचे दहा 'L' मध्ये (बदललेल्या किंवा मर्यादित कामाचे दिवस). गोण्या उचलणं हे त्यांचं रोजचंच काम ना, मग गेटवर बसवलं तरी ते रिस्ट्रिक्टेड वर्कच, म्हणजे मर्यादित काम. केस किती गंभीर याची टिक मात्र एकच, 'H' ला (खाडा झालेली केस).

कानासाठी 'M' मध्ये (दुखापत की कुठला आजार, तो रकाना) वेगळा खण आहे, पाच नंबरचा. पण कुठलाही फरक चालत नाही हां. बेसलाइनपासून (तुलनेसाठी ठेवलेली मूळ तपासणी) २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी १० डेसिबल किंवा जास्त सरकलेली हवी आणि त्या कानाची त्याच तीन हर्ट्झवरची सरासरी पातळी २५ डेसिबल किंवा जास्त. गेल्या वर्षीशी नका ताडू, बेसलाइन शोधा. ३० दिवसांत परत टेस्ट करता येते, तोवर थांबलात तरी चालतं.

प्रतिसाद २

दुरुस्तीला घाबरू नका, उलट पाच वर्षं जुनं ३०० अपडेट ठेवायचं असा नियमच आहे. जुनी ओळ वाचता येईल अशी रेघ मारा, व्हाइटनर अजिबात नको! नवी केस कळली की सात दिवसांत ३०० आणि ३०१ दोन्ही भरा. आणि सुपरवायझरना सांगा, नोंद केली म्हणजे कोणाची चूक कबूल केली असं होत नाही, फॉर्मसोबतच्या सूचनांतच छापलंय ते.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद दोघांनाही! काकांची ओळ आजच दुरुस्त केली. बेसलाइनचा रिपोर्ट मात्र फाइलमध्ये नाहीये, टेस्ट करणाऱ्यांकडे मागितलाय. आणि वही परत चाळली तर 'किरकोळ' लिहिलेल्या अजून चार नोंदी निघाल्यात, उद्या त्यांची बिलं शोधते.