सिंहाचा जबडा धरणारी बाई: आकडा ८ की ११?

कृष्णाकाठ (सांगली): सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका येऊन सात महिने झाले. त्या एकच प्रश्न दहादा विचारतात, अकराव्यांदा मी खेकसते. भाचीने टॅरोचा (भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांचा) कॅट दिलाय. पहाटे चहा उकळेपर्यंत एक पत्ता काढते, भविष्यासाठी नाही, नुसतं बघत बसायला. या आठवड्यात तिसऱ्यांदा 'स्ट्रेंग्थ' आला, तोच, सिंहाचा जबडा धरणाऱ्या बाईचा. माझ्या पत्त्यावर ८ आहे, भाचीच्या दुसऱ्या कॅटमध्ये ११. खरा कुठला?

हळदपेठ: दोन्ही. मार्सेय या जुन्या फ्रेंच धाटणीच्या कॅटमध्ये ११च. १९०९च्या रायडर-वेट कॅटमध्ये 'जस्टिस' पत्त्याशी आकड्याची अदलाबदल झाली. चित्र पामेला कोलमन स्मिथचं. नीट बघा, बाईच्या हातात शस्त्र नाही. डोक्यावर आडवा आठ आहे, म्हणजे अनंताचं चिन्ह.

मिरजवाला: पत्त्यांनी धीर येतो होय? आम्ही आपलं गणपतीला जातो.

कृष्णाकाठ: मीपण जाते हो, मंगळवारी. पण पहाटे पाचला घर सोडून कशी निघू? आणि तो सिंह म्हणजे सासूबाई नव्हेत, मीच, हे काल कळलं. "दूध आलं का गं?" नवव्यांदा. दात आवळले, मग म्हटलं, "आलं आई, तापवतेय." (खरं तर उतू गेलं होतं.)

हळदपेठ: आधी शेगडी पुसा.