निम्मे पैसे वायरवर? नव्या लोकांना असं सांगू नका

ओहमवाला: काल इथे एकानं लिहिलं, 'स्पीकरच्या किमतीच्या निम्मे पैसे वायरवर घाला, त्याशिवाय आवाज मोकळा होत नाही.' वाचून राहवलं नाही. १.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर घ्या. अँप्लिफायर ते स्पीकर १० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २०. रेझिस्टन्स जवळपास पाव ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला तो साधारण ३ टक्के, कानाला कळतसुद्धा नाही. स्पीकर ४ ओहमचा असेल तर अडीचची टाका. विषय संपला.

तालवेडा: असा कसा संपला? मी वायर बदलली आणि तबल्याचा डग्गा उघडा ऐकू यायला लागला. बायकोला वायर बदलल्याचं माहीतही नव्हतं, तरी तिनं विचारलं.

ओहमवाला: आधीची कसली होती?

तालवेडा: सेटबरोबर आलेली. अगदी बारीक.

ओहमवाला: मग तुम्ही जाडीचा फरक ऐकलात, किमतीचा नाही.

अडीचची_वायर: स्वस्त घेतानाही डोळे उघडे ठेवा. 'शुद्ध कॉपर' छापलेल्या गुंडाळीत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम निघतं. तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी दिसली तर परत करा. रेझिस्टन्स दीडपट आणि टर्मिनलपाशी वाकवून वाकवून तुटते.

माजघर: तुम्ही डग्ग्यावर भांडताय! आमच्याकडे वायरमननं स्पीकरची वायर लाइटच्याच पाइपातून ओढली. आत कुठे इन्सुलेशन सोललं तर २३० व्होल्ट थेट स्पीकरच्या टर्मिनलवर. घरात लहान मूल आहे. कुणाला काही पडलेलीच नाही.

वायरमनची_लेक: दरवेळी वायरमनच का? प्लॅस्टर होईपर्यंत स्पीकरचं नाव काढायचं नाही, नंतर भिंत फोडायची नाही, वेगळ्या पाइपाला पैसे द्यायचे नाहीत. माझ्या बाबांनी हे जन्मभर ऐकलंय.

माजघर: पैसे मागितलेच नाहीत हो! विचारलं असतं तर दिले असते.

वायरमनची_लेक: मग त्यानं विचारायला हवं होतं, हे मान्य. पण ती वायर आजच काढून घ्या. वेगळा पाइप टाका, छतातून नेणार असाल तर एफआर वायर, म्हणजे आग सहज न पसरू देणारी, वापरा. आणि स्पीकरच्या वायरला दोन पिनांचा प्लग कुणीही लावू नका. मूल तो सरळ बोर्डात खुपसतं.

अडीचची_वायर: टर्मिनलबाहेर एकही सुटी तार राहू देऊ नका. लाल-काळ्याची गाठ पडली की अँप्लिफायरचं आउटपुट जातं.

तालवेडा: बरं, जाडीचं मान्य. पण कुणी हौसेनं महाग वायर घेतली तर त्याला मूर्ख का ठरवता?

ओहमवाला: मूर्ख कुणालाच म्हटलं नाही. हौस करा की. पण ज्याच्याकडे सगळे मिळून ३० हजार आहेत, त्याला १० हजार वायरवर घालायला लावू नका. ते स्पीकरमध्ये जाऊ द्या.

तालवेडा: तेवढं ठीक. डग्ग्याचं मात्र मी सोडणार नाही.