थंडीत भरलेला टँकर रात्री हायवेवर असावा का?

चांदवडकर (१२ जानेवारी २०२५)

मत आधी सांगतो, शिव्या नंतर घाला. १५ डिसेंबर ते ३१ जानेवारी या दीड महिन्यात पेट घेणारा माल भरलेले टँकर रात्री बारा ते सकाळी सात हायवेवर नसावेत. रिकामे खुशाल जाऊ देत.

हे घरात पांघरुणात बसून सुचलेलं नाही. आमचे दाजी उरणहून टोल्युईनचा (पटकन पेट घेणारं केमिकल) टँकर घेऊन हरियाणाला जातात. डिसेंबरच्या सुरुवातीला मला इंदूरला काम होतं, म्हणून चांदवडला चौफुलीवर त्यांच्या गाडीत चढलो. धुळं सुटलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. दाजींच्या मांडीवर घोंगडी, पायात दोन जोड मोजे आणि वर चप्पल. पेडलच्या भोकांतून वारं असं येत होतं की खाली कोणी पंखा लावलाय. माझ्या बाजूची काच दोन बोटं उघडी होती, ती मी वर केली, तर लगेच म्हणाले, "उघड ती. पुढच्या काचेला आतून वाफ धरेल." म्हणजे थंडी वाजू नये म्हणून काच लावावी तर रस्ता दिसत नाही, आणि रस्ता दिसावा तर कुडकुडत बसायचं. बिजासन घाट असाच पार केला... म्हणजे त्यांनी केला, मी दात वाजवत होतो.

सेंधव्याच्या अलीकडे एका धाब्यावर आठ-दहा ड्रायव्हर शेकोटीभोवती बसलेले. आम्ही वळायच्या आत धाबेवाला हात हलवत पळत आला, "टँकर आगे लगाओ, आगे!" त्याचं चूक नाही. पण पुढे म्हणजे अर्धा किलोमीटर. क्लीनर नाही, भरलेली गाडी एकटी सोडायची नाही असा नियम, म्हणून दाजी गाडीपाशी आणि मी पिशवीत चहा आणायला. आणेपर्यंत चहाचं सरबत झालं. बाकीचे ट्रकवाले गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून खिचडी टाकतात, यांना काडी ओढायचीही सोय नाही. आमच्याकडे निफाड-चांदवड पट्ट्यात पारा पाच-सहावर आला की द्राक्षाच्या मण्यांसाठी रात्रभर शेकोट्या पेटतात. मण्यांची सोय होते.

त्यानंतर तीनच आठवड्यांत, २० डिसेंबरला, जयपूरच्या भांकरोट्याला गॅसचा टँकर आणि ट्रकची पहाटे धडक झाली. गॅस पसरला, पेटला, मागेपुढे उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या आणि एक बस त्यात सापडली. ती बातमी वाचताना मला ती दोन बोटं उघडी काच आठवत होती.

गोल_टाकी

दाजींना नमस्कार सांगा. तुमच्या मताला मात्र विरोध. मी स्वतः चौदा वर्षं टँकर चालवतो, सध्या न्हावाशेव्याहून पामतेल.

एकच प्रश्न विचारतो. दिवसा शहरात जड वाहनाला नो एंट्री. ठाणे घ्या, नाशिक घ्या, दिल्ली तर विचारूच नका. सकाळी बंद, संध्याकाळी बंद. रात्री हायवेवर तुम्ही बंद करणार. मग गाडी चालवायची कधी? दुपारी जेवणाच्या सुट्टीत?

दुसरं म्हणजे आम्हाला पगार नावाला आहे, खरा पैसा खेपेवर. दिल्ली साइडच्या महिन्यात तीन खेपा होतात त्या दोनवर येतील. ते पैसे कोण देणार, तुम्ही की सरकार?

आणि "फक्त पेट घेणारा माल" हे कागदावर. हायवेवरचा पोलीस मागची धोक्याच्या मालाची केशरी पाटी वाचत नाही. गोल टाकी दिसली की हात करतो. माझ्या टाकीत तळणीचं तेल असो नाहीतर पेट्रोल, मी उभाच.

थंडीचा त्रास मला विचारा. पामतेल थंडीत थिजतं. बेहरोडला दोन रात्री धुक्यात अडकलो तर टाकीत डालडा झाला. कारखान्यात पोचल्यावर टाकीतल्या कॉइलला वाफ लावतात, मग ते हळूहळू पातळ होतं आणि खाली होतं. त्यात दीड दिवस गेला. हॉल्टिंग (थांबल्याचे पैसे) मागितलं तर म्हणे उशीर तुमच्यामुळे. तुमच्या नियमाने असे दीड दिवस वाढतील, कमी होणार नाहीत.

दोन_गाड्या

गोल टाकीशी सहमत, तेही मालक असून. (हे लिहून ठेवा, परत होणार नाही.)

चांदवडकर, तेल कंपन्यांच्या करारातल्या गाड्यांना रात्री चालण्यावर आधीच बंधनं आहेत. व्हीटीएसवर (गाडीचा माग ठेवणारी यंत्रणा) गाडी नको त्या वेळी हललेली दिसली की नोटीस येते. तुमचे दाजी खासगी केमिकलवाल्याचा माल नेतात, तिथे ते नाही. म्हणजे नवा नियम नको, आहे तोच सगळ्यांना लावा.

क्लीनरबद्दल टोमणा कळला. क्लीनर मिळतच नाही हो. पोरं कुरिअरच्या बाइकवर जास्त कमावतात आणि रात्री घरी झोपतात. हप्ता, विमा, टायर, टोल जाऊन दोन गाड्यांवर दुसरा ड्रायव्हर ठेवायचा म्हटलं तर मीच क्लीनर म्हणून जायला हवं.

नियमावली

मी नागपूरचा. पेट्रोलियम आणि स्फोटकांचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आमच्याच गावात आहे, त्यामुळे हा विषय आमच्याकडे चहाच्या टपरीवरही निघतो.

भांकरोट्याचं उदाहरण इथे चुकीचं आहे. तिथे टँकर यू-टर्न घेत होता आणि समोरून ट्रक येऊन धडकला. दोष शोधायचा तर हायवेवरच्या त्या कटमध्ये शोधा. तो टँकर सकाळी दहाला वळला असता तरी तेच घडू शकलं असतं.

खरा प्रश्न झोपेचा आहे आणि त्यावर कायदा जुनाच आहे. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ : दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. चांदवडला रात्री गाडीत चढलात तेव्हा दाजी किती तासांपासून बसले होते, विचारलं होतं का?

दोन_गाड्या

तो कायदा पाच कामगार असलेल्यांना. माझ्याकडे दोन ड्रायव्हर. लागू नाही.

नियमावली

हे उत्तर येणार माहीत होतं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ९१ वाचा. परिवहन वाहन चालवणाऱ्या कोणाचेही तास १९६१च्या कायद्याप्रमाणेच. तिथे पाचाची अट नाही.

दोन_गाड्या

वाचलं. बरोबर आहे तुमचं. पण उरण ते पानिपत दिवसाला आठ तासांनी नेणारा एक मालक मला दाखवा, मी त्याच्याकडे नोकरीला लागतो.

पंपावरचा

जळगाव जिल्ह्यात पंप आहे, मनमाडच्या पानेवाडी डेपोतून माल येतो. टँकर थांबवायची भाषा करणाऱ्यांनी गेल्या वर्षीची २ जानेवारी आठवावी. नव्या न्याय संहितेतल्या कलम १०६(२) विरुद्ध, म्हणजे धडक देऊन पळण्याच्या शिक्षेविरुद्ध, ड्रायव्हर आदल्या दिवशी थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या पंपावर कॅन, कळशा, पाण्याच्या बाटल्या घेऊन रांग. एकाने तर दुधाची किटली आणली होती. रात्री दिल्लीत बोलणी होऊन संप मिटला, नाहीतर आमच्या काचा फुटल्या असत्या. रब्बीची पाणी द्यायची वेळ, ऊसतोड चालू, आणि तुम्ही रोज सात तास बंद म्हणता?

आणि जाता जाता एक. थंडीत ड्रायव्हरची सहानुभूती वगैरे ठीक, पण पहाटे आलेल्या गाडीचा डिप, म्हणजे टाकीत पट्टी टाकून मोजलेला माल, हमखास कमी भरतो. उन्हाळ्यात नाही भरत कमी. हा योगायोग मला कोणी समजावेल का?

गोल_टाकी

आलं. चोर म्हणून झालं. ई-लॉक कंपनी उघडते, सील तुम्ही तोडता, आणि चोर आम्ही.

कलमाचंही सांगतो. धडकेत माणूस मेला आणि न कळवता पळालो तर दहा वर्षांपर्यंत. सात लाख दंड ही अफवा होती, कलमात आकडाच नाही. पण थांबलो तर जमाव काय करतो ते कोणत्या कलमात आहे? गेल्या जुलैत संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं, म्हणून आज आम्ही चालवतोय.

नियमावली

पंपावरचा, योगायोग नाही, पदार्थविज्ञान आहे. पेट्रोल गार झालं की आकसतं, साधारण अंशाला हजारात एक भाग. २० हजार लिटरची गाडी दुपारी भरली आणि पहाटे तुमच्याकडे येईपर्यंत माल पाच अंशांनी उतरला, तर १०० लिटर कमी दिसणार. कोणी चोरले नाहीत, ते टाकीतच आहेत, दाटीवाटीने. डिझेल थोडं कमी आकसतं. म्हणून तर घनता १५ अंशांवर आणून ताडतात. तुमच्याकडे थर्मामीटर आणि हायड्रोमीटर आहे ना? डिपच्या आधी ते टाकता, की थंडी वाजते म्हणून राहून जातं?

पंपावरचा

घनता आम्ही रोज घेतो, उगाच शिकवू नका. पण पाच अंश एका रात्रीत? एवढी मोठी टाकी इतकी गार होते?

नियमावली

पानेवाडीहून तुमच्याकडे चार तासांत येणारी नाही होत. एक-दोन अंश फार तर, म्हणजे वीस-चाळीस लिटर. रात्रभर यार्डात उभी राहिलेली होते.

वाट_पाहणारी

माझे मिस्टर टँकरवर आहेत. मी इथे लिहीत नाही, फक्त वाचते. पण कोणी हे बोललं नाही म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणता रात्री थांबवा. थांबवून उभं कुठे करणार? टोलच्या पुढे, रस्त्याच्या कडेला. धुक्यात चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीची मला जास्त भीती वाटते. मागून येणाऱ्याला ती दिसतच नाही. मिस्टर कधी कडेला झोपले तर मागे तीस पावलांवर झाडाच्या फांद्या टाकतात, दगड मांडतात, पार्किंग लाइट चालू ठेवतात, मग बॅटरी उतरते म्हणून दोन तासांनी उठून इंजिन चालू करतात. याला झोप म्हणायचं का? शिवाय डिझेल टाकीला कोणी नळी लावेल म्हणून एक कान जागा. मला रात्री दोनला फोन आला की गाडीचा आवाज ऐकू येतो का ते मी आधी ऐकते. येत असला तर बरं वाटतं.

चांदवडकर

वहिनी, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी बारा ते सात लिहिलं तेव्हा गाडी जणू कुठल्या तरी आवारात जाऊन लागेल असं धरून चाललो होतो.

मग मत बदलतो, पण सोडत नाही. आधी जागा, मग बंदी. दर शंभर-दीडशे किलोमीटरवर टँकरसाठी वेगळी, कुंपणाची, रखवाली असलेली जागा. गाड्या एकीकडे, आणि पुरेशा अंतरावर गरम पाणी, जेवण, झोपायला खोली. गाड्यांवर पहारा असला की ड्रायव्हरला उठून तिथवर जाता येईल. तोपर्यंत बंदी नको. जागा झाली की मात्र हवीच.

दोन_गाड्या

पार्किंगचे पैसे कोण देणार?

गोल_टाकी

बघा, मालक जागा झाला.

जागेला पाठिंबा. बंदीला अजूनही नाही. दाट धुकं पडलं की आम्ही स्वतःच थांबतो हो, जीव आमचाही आहे. थांबल्यावर पार्टीने "गाडी कुठाय" म्हणून तासाला फोन करू नये, उशिराचे पैसे कापू नयेत, इतकं लिहून द्या. धुकं ओळखायला मला घड्याळ लागत नाही. नीमराण्याला परवा सकाळी नऊला बोनेट दिसत नव्हतं. तुमच्या नियमाने नऊला मी चालायला मोकळा.

नियमावली

हा मुद्दा बिनतोड आहे. वेळ नको, दृश्यमानता धरा.

अवांतर : येत्या १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा होतोय. लोक उन्हाळ्याचं बोलतात. पण एसी आतल्या हवेतला दमटपणा ओढून घेतो, त्यामुळे दाजींची ती दोन बोटं काच लावता येईल. नव्या गाडीत. जुन्या गाड्या आणखी दहा-पंधरा वर्षं तशाच धावतील.

दोन_गाड्या

आणि एसी लावला की ॲव्हरेज पडतं म्हणून मालक वायर काढून ठेवेल, हेही लिहा. मी ठेवणार नाही, पण ओळखीचे ठेवतील.

पंपावरचा

आज पहाटे पाचला गाडी आली. नियमावलींच्या सांगण्यावरून नव्हे, सहज, ड्रायव्हरसमोर तापमान टाकून हिशोब केला. रात्री कुठल्याशा रेल्वे फाटकापाशी अडकली होती म्हणे. डिपला ३५ लिटर कमी दिसत होते, हिशोबात बारा राहिले. बारा चालतात. त्याला ऑफिसात बसवून चहा दिला, गाडीपाशी आमचा पोऱ्या उभा केला.

गोल_टाकी

चांगलं केलंत. आता मागच्या तीन हिवाळ्यांत ज्यांचे कापले त्यांचं काय?

पंपावरचा

ते वाहतूकदाराच्या बिलातून गेले, मला कुठे मिळाले. वाहतूकदाराने पुढे ड्रायव्हरकडून घेतले असतील तर त्याला विचारा.

चांदवडकर

आत्ताच दाजींना विचारलं, तुमचे कधी कापले का म्हणून. म्हणाले, दोनदा. एकदा एकरकमी, एकदा चार हप्त्यांत. आत्ता शाहजहानपूरच्या टोलपाशी उभे आहेत, पुढचं काही दिसत नाहीये.